कुशीवर झोपलं की खुबा ठणकतो: जाऊन परत येणाऱ्या दुखण्याचं काय करायचं

‘नक्की कुठे दुखतं, हात ठेवून दाखवा’ असं म्हटलं की माणसं तीन ठिकाणी हात ठेवतात. काहींचा हात जांघेत जातो. काहींचा मागे, कमरेखाली. आणि काही जण तळहात सपाट करून मांडीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या बाजूला ठेवतात, सलवारीची कडेची शिवण जिथून जाते तिथे. हे लिखाण या तिसऱ्या हातवाल्यांसाठी आहे.

फिजिओथेरपीच्या खोलीत हा तिसरा हात बहुतेक वेळा चाळिशी ते साठीतल्या बाईचा असतो. सोबत जाड फाइल असते. खुब्याचा एक्स-रे नॉर्मल. कमरेचा एमआरआय झालेला, त्यात ‘थोडी गॅप’ निघालेली. कोणी सायटिका म्हणालेलं, कोणी वात. एक इंजेक्शन घेऊन झालेलं, दहा दिवस मशीनचा शेक घेऊन झालेला. आणि तक्रार ठरलेली: ‘मध्ये दोन महिने एकदम बरं वाटत होतं हो, परत सुरू झालं.’

हे दुखणं परत का येतं, हाच खरा प्रश्न आहे. थोडक्यात सांगायचं तर आपण दुखऱ्या जागेवर उपचार करत राहतो आणि ती जागा जिच्यामुळे दुखते ती दाब पडण्याची सवय तशीच ठेवतो.

आधी दुखणं तेच आहे का ते बघा

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूने एक उंचवटा असतो. कुशीवर झोपल्यावर गादीला टेकतो तोच. नितंबाच्या बाजूचे दोन स्नायू, ग्लुटियस मीडियस आणि ग्लुटियस मिनिमस, तिथे येऊन हाडाला चिकटतात. चिकटतात ते दोरीसारख्या टोकाने, त्याला कंडरा म्हणतात. डॉक्टर टेंडन म्हणतील. या उंचवट्यावर बोटाने दाबल्यावर ‘हेच ते’ असं वाटलं तर पहिली खूण पटली.

दुसरी खूण घरीच तपासता येते. भिंतीजवळ उभे राहा, तोल जाऊ नये म्हणून एक बोट भिंतीला लावा. दुखऱ्या पायावर उभं राहून दुसरा पाय गुडघ्यात वाकवून मागे उचला आणि ३० सेकंद थांबा. या अर्ध्या मिनिटात तुमची ओळखीची कळ ओळखीच्या जागी आली, तर संशय बराच पक्का होतो.

बाकीच्या खुणा बोलण्यातूनच कळतात. त्या कुशीवर झोपवत नाही. बराच वेळ बसून उठलं की पहिली चार-पाच पावलं लंगडत जातात, मग चाल सुटते. जिना चढताना कळ येते. उभ्याने सलवार किंवा पँट घालताना आधार घ्यावा लागतो. दुखणं मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत उतरतं, आणि त्यामुळेच बिचाऱ्या कमरेवर आळ येतो.

आता काय नाही ते बघू. मुंग्या येत असतील, पाऊल बधिर होत असेल, कळ पोटरीतून पावलापर्यंत जात असेल तर कमर तपासायला हवी. दुखणं जांघेत असेल आणि मोजा घालायला किंवा पायाची नखं कापायला पाय वर येतच नसेल, तर खुब्याचा सांधाच झिजत असण्याची शक्यता जास्त. आपल्या या दुखण्यात उभं राहणं त्रासाचं असतं, पण बसून मोजा साधारण घालता येतो. साधा प्रश्न आहे, पण बऱ्याचदा एमआरआयपेक्षा लवकर उत्तर देतो. तरुण पुरुषाला जांघेत दुखत असेल आणि पूर्वी स्टेरॉइडची औषधं बरेच दिवस चालली असतील किंवा दारूची सवय असेल, तर त्याने व्यायाम शोधत बसू नये. खुब्याच्या गोळ्याचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. हाडांच्या डॉक्टरांना आधी दाखवावं.

‘पाण्याच्या पिशवीला सूज’ हे अर्धं सत्य

अनेकांच्या कागदावर ‘ट्रोकँटरिक बर्सायटिस’ लिहिलेलं असतं. बर्सा म्हणजे हाड आणि कंडरा यांच्यामधली गुळगुळीत पिशवी, घासू नये म्हणून असलेली. वर्षानुवर्षं सगळा दोष तिला दिला गेला. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशाच दुखण्याच्या ८७७ जणांची सोनोग्राफी पाहिली, तेव्हा साधारण ८० टक्के लोकांच्या बर्साला सूज नव्हतीच. निम्म्या लोकांच्या कंडरेत मात्र बिघाड दिसला. म्हणून आता ‘ग्रेटर ट्रोकँटरिक पेन सिंड्रोम’ असं लांबलचक नाव वापरतात. नाव पाठ करायची गरज नाही, पण फरक समजून घ्या. सूज असेल तर ती उतरवायची असते. कंडरा कमकुवत झाली असेल तर तिला पुन्हा भार झेलायला शिकवावं लागतं. बर्फ, गोळ्या आणि विश्रांती यांनी दुसरं काम होत नाही.

कंडरा कमकुवत का होते? चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर असतो. त्या क्षणी कंबर दुसऱ्या बाजूला पडू नये म्हणून हे दोन स्नायू तिला धरून ठेवतात. हे काम रोज हजारो वेळा चालतं आणि त्याने कंडरेचं काही बिघडत नाही. त्रास होतो तो दाबाने. मांडीच्या बाहेरून, या कंडरांच्या वरून, एक जाड चिवट पट्टा गुडघ्यापर्यंत जातो. मांडी शरीराच्या मध्यरेषेकडे, आत गेली की हा पट्टा ताणला जातो आणि खालच्या कंडरेला हाडावर दाबून धरतो. ओला कपडा दगडावर पिळून धरावा तसा. एकदा-दोनदा झालं तर काही नाही. पण रात्रभर, दिवसभर, वर्षानुवर्षं झालं तर कंडरा सैल आणि हळवी होते. पाळी जाण्याच्या सुमारास बायकांमध्ये हे जास्त दिसतं. वजन वाढलं की भारही वाढतो हे खरं, पण अगदी सडपातळ बायकाही येतात, तेव्हा सगळं वजनावर ढकलू नका.

दाब कुठून येतो: दिवसातले चोवीस तास

सुरुवात रात्रीपासून करू, कारण बहुतेक जण तिथेच चुकतात. दुखऱ्या कुशीवर झोपलं तर दाब पडतो हे सगळ्यांना कळतं. मग माणूस चांगल्या कुशीवर वळतो. आता दुखरा पाय वर आहे, त्याचा गुडघा पुढे घसरून गादीला टेकतो, म्हणजे मांडी मध्यरेषा ओलांडून आत गेली. सहा तास कंडरा हाडावर दाबलेली. सकाळी प्रश्न पडतो, ‘त्या कुशीवर झोपलेच नव्हते, तरी कसं दुखतंय?’

उपाय स्वस्त आहे. दोन्ही पायांच्या मध्ये उशी घ्या, पण फक्त गुडघ्यांमध्ये नको. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाय उचलला जाईल एवढी लांब हवी. एक पातळ उशी पुरत नाही, दोन लागतात, किंवा जुनी गोधडी गुंडाळून घ्या. पाठीवर झोप लागत असेल तर गुडघ्यांखाली उशी घेऊन झोपा, ते सगळ्यात उत्तम. खाली चटईवर किंवा सतरंजीवर झोपत असाल तर काही महिने वर एखादी मऊ दुलई घाला. कडक अंथरूण पाठीला चांगलं असतं ही समजूत या दुखण्यात आड येते.

आता उभं राहणं. ओट्याशी पोळ्या लाटताना बघा स्वतःला. एक पाय सरळ, त्यावर सगळं वजन, कंबर बाहेर काढलेली, दुसरा पाय सैल. बसस्टॉपवर तसंच. आणि कडेवर मूल घेतलं की कंबर बाहेर काढावीच लागते, नाहीतर मूल टिकणार कशावर? आजींना नातवंडं आली आणि दुखणं सुरू झालं, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता विचारतेच, ‘घरात लहान मूल कोण आहे?’ मुलाला घेऊ नका असं कोणती आजी ऐकणार? समोरून, दोन्ही हातांनी, छातीशी घ्या आणि दोन्ही पायांवर उभ्या राहा. बसल्या बसल्या मांडीवर घेतलं तर आणखी बरं.

बसण्यात पायावर पाय टाकणं हा मुख्य दोषी. खूप खाली जाणारा सोफाही त्रास देतो, कारण गुडघे खुब्यापेक्षा वर जातात आणि एकमेकांना चिकटतात. जमिनीवर एका बाजूला पाय दुमडून बसायची, भजनाला किंवा हळदीकुंकवाला बायका बसतात ती पद्धत काही महिने सोडा. स्कूटरवर मागे एका बाजूला पाय टाकून बसणंही तसंच. मांडी घालून बसण्याचा मात्र सरसकट नियम नाही. काहींना अजिबात त्रास होत नाही, काहींना उठताना कळ येते. ज्यांना येते त्यांनी थोडे दिवस खुर्चीवर जेवावं.

जे बंद करायला सांगितलं की लोक चिडतात

स्ट्रेचिंग. इथे माझी आणि पेशंटची खरी भांडणं होतात. दुखतंय म्हणजे आखडलंय, आखडलंय म्हणजे ताणायला हवं, असा साधा हिशोब मनात असतो. म्हणून गुडघा विरुद्ध खांद्याकडे ओढतात, एक पाय दुसऱ्यामागे टाकून बाजूला झुकतात, गोमुखासन आणि अर्धमत्स्येंद्रासन मन लावून करतात. या सगळ्यांत मांडी आत जाते, म्हणजे नेमका तोच दाब. पाच मिनिटं मोकळं वाटतं आणि रात्री ठणका लागतो. योगासनं वाईट नाहीत, वर्ग सोडू नका. ही तीन-चार आसनं तेवढी वगळा आणि शिकवणाऱ्यांना कारण सांगा.

दुसरं, त्या उंचवट्यावर जोरात मालिश करणं. तेल, बाम, काही घरांत तर चक्क लाटणं फिरवतात. दबलेली कंडरा अजून दाबून काय साधणार? मालिश हवीच असेल तर हाडापासून दूर, नितंबाच्या मांसल भागावर हलक्या हाताने. शेक घ्यायला हरकत नाही, झोप लागायला मदत होते.

मशीनबद्दलही सांगते, जरी आमच्याच धंद्यातले लोक रागावतील. दहा दिवस येऊन पालथं झोपायचं, मशीन लावून घ्यायचं आणि घरी जायचं, याला आपल्याकडे ‘फिजिओथेरपी झाली’ म्हणतात. या दुखण्यात ती झालेली नसते. ज्या दिवशी तुम्हाला घाम आला नाही आणि घरी काय करायचं ते कळलं नाही, त्या दिवसाचे पैसे शेकाचे होते.

इंजेक्शन घ्यावं का?

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने बऱ्याच जणांना काही आठवड्यांत आराम पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढे काय? ऑस्ट्रेलियात झालेली एक चाचणी २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. ग्लुटियल कंडरेचं हेच दुखणं असलेल्या २०४ जणांचे तीन गट केले. एकाला फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम आणि दाब टाळायच्या सवयी शिकवल्या, आठ आठवड्यांत १४ भेटी. दुसऱ्याला एक इंजेक्शन. तिसऱ्याला धीर आणि थोडी माहिती, बाकी काही नाही. आठ आठवड्यांनी ‘बरंच सुधारलंय’ म्हणणारे व्यायामाच्या गटात सुमारे ७७ टक्के होते, इंजेक्शनच्या गटात ५९ आणि तिसऱ्यात २९. वर्षाने आकडे ७९, ५८ आणि ५२ झाले. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की वर्षाअखेर दुखण्याच्या तीव्रतेत व्यायाम आणि इंजेक्शन यांच्यात ठळक फरक उरला नव्हता. फरक होता तो ‘एकूण कसं वाटतं’ यात.

माझं मत असं: आठवडाभर झोपच नसेल, व्यायामाला पायच उचलत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एकदा इंजेक्शन घ्या आणि तो आराम व्यायाम सुरू करायला वापरा. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, साखर काही दिवस वाढू शकते. फसगत होते ती अशी: इंजेक्शनने दुखणं गेलं, माणूस खुशीत दुसऱ्या दिवसापासून दहा हजार पावलं चालायला लागला. कंडरा होती तेवढीच कमकुवत. फक्त ओरडायची बंद झाली होती.

व्यायाम, पायरीपायरीने

पहिले दोन आठवडे हालचाल न करता जोर लावायचा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पावलं खुब्याएवढ्या अंतरावर. गुडघ्यांच्या जरा वर मांड्यांभोवती ओढणी सैलसर बांधा. आता गुडघे बाहेर ढकलायचा प्रयत्न करा, ओढणी अडवेल. पूर्ण जोर नको. पाव ताकद पुरे. २० ते ३० सेकंद धरा, सोडा, चार-पाच वेळा, दिवसातून दोनदा. काहींना याच व्यायामाने तात्पुरता आराम मिळतो, त्यांनी झोपण्याआधी जरूर करावा.

जोडीला सेतुबंधासनासारखं कंबर उचलणं. वर जायला तीन सेकंद, खाली यायला तीन सेकंद, आठ-दहा वेळा. गुडघे आत पडू देऊ नका.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून खुर्चीवरून उठणं-बसणं. सोपं वाटतं म्हणून लोक हसतात. आरशासमोर करा. उठताना दुखऱ्या बाजूचा गुडघा आत वळतो का? वजन चांगल्या पायावर सरकतं का? बहुतेकांचं सरकतं आणि त्यांना ते माहीतच नसतं. हे सुधारायलाच आठवडा जातो. मग खुर्ची थोडी बुटकी, मग उठताना दुखऱ्या पायावर जास्त भार, मग बुटक्या पायरीवर चढणं-उतरणं. कंबर सपाट राहिली पाहिजे. पायरी चढताना एक बाजू खाली पडत असेल तर अजून त्या पायरीची वेळ आलेली नाही.

शेवटी रबरी पट्टा बांधून बाजूला पावलं टाकणं आणि भिंतीला बोट लावून एका पायावर उभं राहणं. हे जड व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. कंडरेला मधली सुट्टी लागते.

आणि दुखण्याचा नियम: दहापैकी तीन-चारपर्यंत व्यायाम करताना दुखलं तर चालतं. खरा निकाल त्या रात्री लागतो. कालच्यापेक्षा आजची रात्र वाईट गेली तर भार जास्त झाला. बंद करू नका, एक पायरी खाली या.

चालणं थांबवायचं नाही, पण सपाटीवर, तुकड्यातुकड्याने. पर्वती आणि सिंहगड सध्या राहू द्या. फार लंगडत असाल तर काठी घ्या, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. लोक हमखास उलटी धरतात.

तरीही परत आलं तर

परत येण्याची कारणं मोजकीच असतात. पहिलं आणि सगळ्यात मोठं: चौथ्या-पाचव्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून व्यायाम सोडला. दुखणं आधी जातं, ताकद नंतर येते; या दोघांमध्ये जे महिने असतात त्यातच ते परत फिरतं. निदान तीन महिने, आणि नंतरही आठवड्यातून दोनदा.

दुसरं, भार अचानक वाढला. दिवाळीची साफसफाई, गरब्याच्या नऊ रात्री, घरचं लग्न, वर्षभर न चालता एकदम वारीत पंधरवडाभर चालणं. वारीला जायचं असेल तर जरूर जा, पण तयारी आषाढाआधी तीन महिने सुरू करा, रोजचं अंतर दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत.

तिसरं, उशी कपाटात गेली आणि ओट्याशी एका पायावर उभं राहणं परत सुरू झालं.

पुन्हा कळ आली की मागचे दोन दिवस आठवून कागदावर लिहा: किती उभं राहिलात, कुठे बसलात, कसे झोपलात. कारण बहुतेकदा त्याच कागदावर सापडतं. मग आठवडाभर जड व्यायाम थांबवून ओढणीच्या व्यायामावर या, उशा बाहेर काढा आणि पायऱ्या पुन्हा चढा. दुसऱ्या वेळी कमी दिवस लागतात.

सहा-आठ आठवडे नीट करूनही काडीचा फरक नसेल, किंवा चालताना कंबर स्पष्ट एका बाजूला पडत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. कंडरा फाटलेली असू शकते, तेव्हा खुब्याची सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो, कमरेचा नव्हे. पडल्यानंतर पायावर वजन घेता येत नसेल, ताप असेल, दुखणं कोणत्याही स्थितीत कमी होत नसेल, पूर्वी कर्करोग झाला असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला असेल तर यातलं काही करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

राहिला प्रश्न जो फाइल बंद करता करता सगळ्या विचारतात: ‘पंगतीला खाली कधी बसू?’ खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठता आलं आणि त्या रात्री झोप मोडली नाही, की बसून बघा. उठताना मात्र आधी गुडघ्यावर या, मग चांगला पाय पुढे टाका.